तोच पिक्चर दुसऱ्यांदा बघितल्यावर वेगळा का वाटतो?

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंटरस्टेलर' भारतात पुन्हा थिएटरला लागला आणि लोकं आयमॅक्सची महागडी तिकिटं काढून बघायला गेली. दहा वर्षं जुना पिक्चर, शेवट सगळ्यांना पाठ, घरी ओटीटीवर बघायची सोय आहे, तरीही. आणि मग दोन टोकाची वाक्यं ऐकू यायला लागली. एक, 'पहिल्यांदा डोक्यावरून गेलेला, आता कळला'. दुसरं, 'तेव्हा भारी वाटलेला, आता जरा ओढल्यासारखा वाटला'. पिक्चर तोच, एक फ्रेम इकडची तिकडे नाही, मग मत बदललं कसं? बरेच जण यावर 'मूडवर असतं रे' एवढं बोलून विषय संपवतात. मला ते पटत नाही, कारण यामागे डोकं नक्की काय करतं यावर बऱ्यापैकी अभ्यास झालेला आहे आणि तो समजायला अजिबात अवघड नाही.

'इंटरस्टेलर'मध्ये निदान बाप-लेकीची गोष्ट आहे, ती धरून माणूस शेवटापर्यंत जातो. म्हणून समजून घ्यायला आपण त्याहून अवघड पिक्चर घेऊ, दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा १९६८ चा '२००१: अ स्पेस ओडिसी'. साय-फायमध्ये यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी फार कमी पिक्चरवरून झाली असतील. (पुढे गोष्ट उघड होणार आहे, पण हा पिक्चर गोष्ट माहीत असल्याने खराब होत नाही, त्याबद्दलही सांगतो.)

आधी पिक्चर काय आहे ते

सुरुवातीची जवळजवळ २५ मिनिटं एकही शब्द बोलला जात नाही. माकडसदृश आदिमानव आहेत, त्यांच्यासमोर एक दिवस गुळगुळीत काळा दगडी खांब उगवतो, मग त्यातला एक जण हाडाचं हत्यार करायला शिकतो, ते हाड हवेत उडवतो आणि पुढच्याच शॉटला आपण लाखो वर्षं ओलांडून अंतराळात. तिथे डॉ. फ्लॉइड नावाचा अधिकारी चंद्रावर निघालाय कारण तिथेही तसाच खांब सापडलाय. मग १८ महिन्यांनी गुरू ग्रहाकडे निघालेलं यान, त्यात बोमन आणि पूल हे दोन अंतराळवीर, गाढ झोपवून ठेवलेले आणखी तिघं, आणि यान चालवणारा हॅल नावाचा कॉम्प्युटर, जो बिघडतो आणि माणसं मारतो. बोमन त्याला बंद करतो. त्यानंतरची वीसेक मिनिटं परत शब्द नाहीत, रंगांचा पूर, एक पांढरी खोली, म्हातारा होत जाणारा बोमन, आणि शेवटी पृथ्वीकडे बघणारं एक अर्भक. संपला. स्पष्टीकरण शून्य.

लॉस एंजेलिसच्या प्रीमियरला रॉक हडसन हा तेव्हाचा मोठा स्टार 'हे आहे तरी काय' असं म्हणत उठून गेला, हे समीक्षक रॉजर इबर्टने लिहून ठेवलंय, तो स्वतः तिथे होता. न्यूयॉर्कच्या बऱ्याच मोठ्या समीक्षकांनी पिक्चर झोडपला. आणि आज? 'साईट अँड साऊंड' हे ब्रिटिश मासिक दर दहा वर्षांनी जगभरातल्या समीक्षकांना सर्वोत्तम पिक्चर विचारतं. त्यांच्या पहिल्या दहात १९७२ ला '२००१' नव्हता, १९८२ ला नव्हता, १९९२ ला दहावा आला, आणि २००२, २०१२, २०२२ तिन्ही वेळा सहावा. दिग्दर्शकांची वेगळी यादी असते, २०२२ ला त्यात तर पहिला.

मत बदलणारे दोन, न बदलणारी एक

'न्यूजडे' या पेपरचा समीक्षक जोसेफ गेल्मिस याने एप्रिल १९६८ च्या सुरुवातीला '२००१' ची वाईट समीक्षा लिहिली. मग त्याने पिक्चर परत बघितला आणि त्याच महिन्यात, त्याच पेपरात, दुसरी समीक्षा लिहून आधीची फिरवली. पेपरात छापून आलेलं मत दोन-अडीच आठवड्यांत जाहीरपणे बदलणं ही साधी गोष्ट नाही, मला त्या माणसाबद्दल खरंच आदर वाटतो.

दुसरा अँड्र्यू सॅरिस, 'व्हिलेज व्हॉइस'चा. त्यालाही पिक्चर आवडला नव्हता, १९७० मध्ये त्याने परत बघितला, यावेळी ओढायचा एक मादक पदार्थ घेऊन, हे त्याने स्वतःच सांगितलं, आणि मग पिक्चर महत्त्वाचा आहे असं कबूल केलं.

आणि तिसरी पॉलीन केल, त्या काळातली बहुधा सगळ्यात धारदार लिहिणारी समीक्षक. तिने १९६९ च्या सुरुवातीला 'हार्पर्स' मासिकात '२००१' ला कल्पनाशून्य म्हटलं आणि ते मत कधी बदललं नाही. केलची एक सवय प्रसिद्ध आहे, ती कुठलाही पिक्चर शक्यतो एकदाच बघायची. पहिली प्रतिक्रिया हीच खरी प्रतिक्रिया, असं तिचं म्हणणं.

म्हणजे ज्यांनी परत बघितला त्यांचं मत बदललं, जिने नाही बघितला तिचं नाही बदललं. निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण थांबा. प्रीमियरला पिक्चर साधारण १६१ मिनिटांचा होता, आणि प्रतिसाद बघून कुब्रिकने काही दिवसांतच त्यातली १९ मिनिटं कापली. गेल्मिसची दुसरी समीक्षा आली तोपर्यंत पिक्चरच बदललेला होता! सॅरिसच्या बाबतीत बघणारा पूर्ण शुद्धीत नव्हता. शिवाय १९७० पर्यंत तरुण पोरं हा पिक्चर परत परत बघायला गर्दी करत होती, त्याची हवा झाली होती. तर 'दुसऱ्यांदा बघितला' या दोन शब्दांत तीन-चार वेगळी कारणं लपलेली असतात, ती सुटी करून बघायला लागतात.

पहिल्यांदा बघताना डोकं कशात खर्च होतं

आपल्या डोक्यात या क्षणी वापरात असलेल्या गोष्टी धरून ठेवायची जागा असते तिला वर्किंग मेमरी म्हणतात आणि ती खूपच छोटी असते, साधारण चार गोष्टी एका वेळी. नवीन पिक्चर बघताना ही जागा सगळी एकाच प्रश्नाला जाते, 'पुढे काय होणार?' हा कोण, तो कुठे निघाला, मगाशी जे दाखवलं त्याचा याच्याशी काय संबंध. नेहमीच्या पिक्चरमध्ये दर दोन मिनिटांनी उत्तर मिळतं आणि जागा रिकामी होते, '२००१' मध्ये उत्तर मिळतच नाही, प्रश्न साचत जातात, आणि साचलेल्या प्रश्नांची जी भावना होते तिलाच आपण 'बोअर झालं' म्हणतो. माझ्या मते '२००१' ला कंटाळवाणा म्हणणारे बरेच लोक खरं तर कंटाळलेले नसतात, दमलेले असतात.

ज्याने आयुष्यभर फक्त भावगीतं ऐकलीत त्याला पहिल्यांदा विलंबित ख्यालाला बसवा. तो शब्दांची वाट बघत बसेल. गायक एकच ओळ वीस मिनिटं का घोळवतोय, पुढचं कडवं कधी येणार, हाच विचार. त्याचे कान चांगले आहेत, गायकही चांगला आहे, फक्त तो ज्याची वाट बघतोय ते तिथे येणारच नाहीये. ज्या दिवशी त्याला कळतं की पुढचं कडवं नाहीच, इथे सूर कसा लावला तेच ऐकायचंय, त्या दिवशी तीच वीस मिनिटं भरून जातात.

दुसऱ्यांदा '२००१' बघताना हेच होतं. खांब येणार, हॅल बिघडणार, शेवटी अर्भक येणार, हे ठाऊक असतं. 'पुढे काय' हा प्रश्नच उरत नाही आणि डोक्यातली ती छोटीशी जागा मोकळी होते. त्यात काय शिरतं ते बघण्यासारखं आहे.

दुसऱ्यांदा दिसतं ते

खाणं घ्या. पिक्चरभर कोणीतरी काहीतरी खातंय. सुरुवातीला आदिमानव पाला-मुळं खातात, हत्यार सापडल्यावर कच्चं मांस. फ्लॉइड चंद्राकडे जाताना स्ट्रॉने पातळ जेवण ओढतो, चंद्रावरच्या गाडीत सँडविच खातो आणि हे लोक चक्क कशापासून काय बनवलंय यावर चर्चा करतात, बाहेर मानवजातीचा सगळ्यात मोठा शोध वाट बघतोय आणि हे सँडविचवर बोलतायत. गुरूच्या यानात ट्रेमध्ये रंगीत लगदा. आणि अगदी शेवटी पांढऱ्या खोलीत म्हातारा बोमन टेबलावर बसून व्यवस्थित काट्याचमच्याने जेवतो आणि त्याच्या हातून ग्लास फुटतो. पहिल्यांदा बघताना हे जेवणाचे सीन 'वेळकाढू' वाटतात. दुसऱ्यांदा कळतं की लाखो वर्षांची प्रगती या ताटांमधून दाखवलीये.

किंवा वाढदिवस. फ्लॉइड अंतराळातून मुलीला व्हिडिओ कॉल करतो (ती छोटी मुलगी म्हणजे कुब्रिकची स्वतःची मुलगी विव्हियन), तिला वाढदिवसाला काय हवं विचारतो. पुढे पूलला आई-वडिलांचा वाढदिवसाचा निरोप येतो, ते गाणं म्हणतात आणि हा निर्विकार पडून ऐकतो. चेहऱ्यावर रेषही हलत नाही. पहिल्यांदा आपण म्हणतो काय थंड अभिनय आहे. पण दुसऱ्यांदा आपल्याला माहीत असतं की याच यानातला कॉम्प्युटर मरताना 'मला भीती वाटतेय' म्हणणार आहे. मग लक्षात येतं की या पिक्चरमध्ये भावना फक्त मशीनला दिलीये आणि माणसांची काढून घेतलीये, आणि तो थंडपणा मुद्दाम ठरवून केलाय. माझ्यासाठी दुसऱ्यांदा बघण्यातली सगळ्यात मोठी कमाई हीच.

आणि तो प्रसिद्ध हाडाचा कट. हाडाच्या जागी जी वस्तू अंतराळात दिसते ती मूळ कल्पनेप्रमाणे पृथ्वीभोवती फिरणारं अण्वस्त्र आहे, पिक्चरमध्ये मात्र कुठेच सांगितलेलं नाही. हे माहीत झाल्यावर तो कट 'बघा किती प्रगती झाली' असा न वाटता हत्याराकडून हत्याराकडे जाणारा वाटायला लागतो. एका माहितीने अख्ख्या शॉटचा अर्थ उलटा होतो.

पण नुसतं परत परत बघितलं तर काहीही आवडेल ना?

हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि त्याला शास्त्रीय आधार पण आहे. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच, म्हणजे '२००१' च्याच वर्षी, एक गाजलेला पेपर छापला. त्याने लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं, अनोळखी चेहरे दाखवले, काही एकदा, काही अनेकदा, जास्तीत जास्त २५ वेळा. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त चांगलं वाटलं. काहीही अर्थ नसताना. याला मीअर एक्स्पोजर इफेक्ट म्हणतात, म्हणजे फक्त ओळखीमुळे वाटणारी आवड. डोक्याला जी गोष्ट सहज पेलते ती त्याला बरी वाटते, आणि ओळखीची गोष्ट सहज पेलते.

मग गेल्मिसला काय, सॅरिसला काय, नुसती सवय झाली असं म्हणायचं का?

इथे एक दुसरा प्रयोग कामाला येतो. इंग्लंडमध्ये लीड्सच्या काही अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना लेक्चरच्या अधेमधे चित्रं दाखवली, काही एकोणिसाव्या शतकातल्या जॉन एव्हरेट मिले या नावाजलेल्या चित्रकाराची आणि काही थॉमस किंकेडची, जो अमेरिकेत भेटकार्डासारख्या गोडगोड झोपड्यांच्या चित्रांसाठी भयंकर खपायचा. २०१३ मध्ये छापलेला निकाल असा की किंकेडची चित्रं जितकी जास्त वेळा दिसली तितकी आवड कमी झाली. मिलेच्या बाबतीत तशी घसरण झाली नाही. म्हणजे सवय सगळ्यांना सारखी मदत करत नाही. ज्यात पहिल्या नजरेत सगळं दिसून संपतं ते परत बघितल्यावर उघडं पडतं.

डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या आसपास हेच थोडं वेगळ्या पद्धतीने मांडलं होतं. साध्या गोष्टी परत परत दिसल्या की लवकर विटतात, गुंतागुंतीच्या गोष्टी मात्र आधी आवडत जातात आणि मग कधीतरी विटतात. विटतात, हे लक्षात ठेवा. कुठलाच पिक्चर अनंत वेळा वाढत जात नाही, आणि 'मी हा वीस वेळा बघितलाय' म्हणणाऱ्याचं मत दोनदा बघणाऱ्यापेक्षा आपोआप जास्त बरोबर ठरत नाही.

एवढा वेळ घातला म्हणून आवडल्यासारखं वाटतं का?

कधी कधी, हो. अॅरन्सन आणि मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये दाखवलं की एखाद्या गटात शिरायला लोकांना जास्त अवघड, लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली तर मग त्या गटाची रटाळ चर्चाही त्यांना चांगली वाटते, कारण 'एवढं सोसलं ते फुकट गेलं' हे मान्य करणं जड जातं. अडीच तासांचा अवघड पिक्चर दोनदा बघितल्यावर, त्यात मित्रांमध्ये 'मला कळला' म्हणायचा मान मिळत असेल, तर हे होऊ शकतं. त्यात भर म्हणजे आज '२००१' बघायला बसणाऱ्याला तो महान आहे हे बघायच्या आधीच सांगितलेलं असतं.

ओळखायचं कसं? मी एक साधी कसोटी लावतो. आवडला म्हणणाऱ्याला विचारा की दुसऱ्यांदा काय वेगळं दिसलं. 'खोल आहे', 'लेयर्स आहेत' एवढंच आलं तर शंका घ्यायला जागा आहे. कुठला सीन, कुठली हालचाल, कुठला आवाज हे आलं तर त्याने खरंच काहीतरी बघितलंय.

आणि परत बघणारे मुळात कोण असतात हेही विसरू नका. ज्याला पहिल्यांदा संताप आला तो परत जातच नाही. म्हणून 'दुसऱ्यांदा बघितलेल्या सगळ्यांना आवडला' हे वाक्य ऐकलं की त्यातून गळलेली माणसं मनात धरायची, ती कुठल्याच चर्चेत सापडत नाहीत.

एकदा बघून कळत नसेल तर चूक पिक्चरची नाही का?

पॉलीन केलच्या बाजूचा हा मुद्दा आहे आणि मला तो हलका वाटत नाही. तिकीट एकदाचं काढलंय, तेवढ्यात पिक्चरने काहीतरी द्यायलाच हवं. पण 'कळणं' आणि 'काहीतरी मिळणं' या वेगळ्या गोष्टी आहेत. '२००१' पहिल्यांदा कळत नाही, पण श्ट्राउसच्या वॉल्ट्झवर संथ फिरणारं अंतराळ स्थानक, यानाबाहेरच्या सीनमध्ये ऐकू येणारा फक्त श्वासाचा आवाज, हॅलचं मंदावत गेलेलं गाणं, हे पहिल्याच वेळी अंगावर येतं. तेवढंही झालं नसतं तर परत जायला कोणी तयार झालं नसतं. जो पिक्चर पहिल्यांदा काहीच देत नाही आणि सगळं दुसऱ्या वेळेवर ढकलतो, तो माझ्या मते खरोखर फसलेला आहे.

'एंडिंग एक्सप्लेन्ड' व्हिडिओ बघून काम भागतं का?

गोष्टीपुरतं भागतं. पिक्चरचा सहलेखक आर्थर सी. क्लार्कची याच नावाची कादंबरी १९६८ मध्येच आली, तिच्यात शेवट बराचसा उलगडून सांगितलाय. खुद्द कुब्रिकने १९८० मध्ये एका जपानी माहितीपटवाल्याला फोनवर सरळ सांगितलं होतं की कुठल्यातरी अतिप्रगत शक्ती बोमनला प्राणिसंग्रहालयात ठेवावं तसं त्या खोलीत ठेवतात आणि शेवटी त्याला वेगळं रूप देऊन परत पाठवतात. ही मुलाखत २०१८ मध्ये लोकांसमोर आली. झालं, शेवट कळला. आता ती वीस मिनिटं परत बघा, बोमनचा श्वास, खोलीतली ती अघोरी शांतता, त्याला स्वतःचीच म्हातारी आकृती दिसते तो क्षण, यातलं काहीच त्या एका वाक्याने संपत नाही.

उलट आधी कळलं तर फायदाच होतो असं दिसतं. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या लेविट आणि ख्रिस्टनफेल्ड या अभ्यासकांनी २०११ मध्ये लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असणाऱ्यांना कथा सरासरी जास्तच आवडल्या. लघुकथा आणि पिक्चर एक नाहीत हे मान्य, पण कारण तेच असावं, 'पुढे काय' ची चिंता उतरली की बाकीचं दिसतं. म्हणून '२००१' सारखा पिक्चर पहिल्यांदाच बघणाऱ्याला मी गोष्ट आधी वाचून जा असंच सांगतो. थ्रिलरच्या बाबतीत कधीच सांगणार नाही.

मग परत कधी बघावा

शिकागो विद्यापीठाच्या एड ओब्रायनने २०१९ मध्ये केलेल्या प्रयोगांत लोकांना एकच गोष्ट दोनदा करायला लावली, त्यात पिक्चर बघणंही होतं. दुसऱ्यांदा किती कंटाळा येईल याचा लोकांचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त निघाला. पहिल्या वेळेत आपण किती गोष्टी बघितल्याच नाहीत हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून.

तरी लगेच दुसऱ्या दिवशी बघू नका, पहिल्या वेळचा थकवा तसाच असतो. काही महिने जाऊ द्या. शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर, कारण हा पिक्चर ७० एमएमच्या अजस्त्र वक्र पडद्यासाठी बनवलेला आहे आणि मोबाईलवर बघून तो वाईट ठरवणं हा सरळ अन्याय आहे. आणि बघताना एकच गोष्ट धरा, फक्त आवाज, किंवा फक्त हॅल, किंवा फक्त जेवणं. सगळं धरायला गेलात तर पुन्हा ती चार गोष्टींची जागा भरून जाईल.

इतकं करूनही नाही आवडला तर तेही मत पक्कंच आहे. रंगांच्या पुरातून जायचा तो लांबलचक प्रवास मला टीव्हीवर कितीही वेळा बघितला तरी लांबच वाटतो, आणि प्रीमियरनंतर कुब्रिकने ती १९ मिनिटं कापली ते बरंच केलं असं मला वाटतं.